बिनधोक सुऱ्या

आईचं वय झालं म्हणून लेकाने घरातल्या धारदार सुऱ्या काढून टाकल्या आणि बोथट आणल्या. बोथट सुरी टोमॅटोवरून घसरायची ती थेट बोटावर. पंधरा दिवसांत तीन पट्ट्या लागल्या. लेक म्हणाला, "हात थरथरतो तुझा. आणखी एकदा कापलंस तर तुझा स्वयंपाक बंद, डबा लावू."

दुपारी आईने हार्डवेअरचं दुकान गाठलं आणि धार लावायचा दगड मागितला.

"आजी, हे दोन चाकांचं यंत्र न्या. दगड तुम्हाला झेपायचा नाही," दुकानदार म्हणाला.

"ते धार कमी लावतं आणि पातं जास्त खातं. दगडच दे, एका बाजूने खरखरीत, दुसरीने मऊ. खाली रबरी बैठक हवी, घसरायला नको. झेपायचं माझं मी बघते."

लेक कामावर गेला की आई दगड भिजवून सुऱ्या घासायला बसायची. महिनाभर बोटाला ओरखडासुद्धा नाही.

"बघितलंस? बोथट सुऱ्यांचा फायदा!" लेक बायकोला ऐटीत म्हणाला आणि खात्री पटवायला सुरी उचलून पात्यावर अंगठा फिरवायला निघाला.


"अंगठा लांब ठेव, शहाण्या," आई म्हणाली, "हवी तर दाढी कर तिने."