आईंचा डोंगर

सहलीची बोट सुटायच्या आधी दोन दिवस डोंगराच्या पायथ्याशी हॉटेलात मुक्काम होता. बर्फाचा डोंगर बघायचा म्हणून सासूबाई महिनाभर आरशासमोर नवा स्वेटर घालून बघत होत्या. पण वर थंडी फार, बाळाला नेता येईना; मग खाली त्याला कोण सांभाळणार?

पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "आई, आज आम्ही जाऊन येतो, तू उद्या जा." दुसऱ्या दिवशी त्याला वरून सूर्योदय हवा होता. मीही दोन्ही दिवस मुकाट्याने गेले. आईंच्या खिडकीतून हॉटेलचे कचऱ्याचे डबे दिसायचे.

निघताना त्याने आईंना लॉबीतल्या डोंगराच्या मोठ्या चित्रापुढे उभं केलं. "जरा हस की गं!"

बोट सुटेपर्यंत फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर: "आईचं स्वप्न पूर्ण केलं." खाली त्याच्या आत्याबाई: "असा लेक सगळ्यांना मिळो!"

मला शिसारी आली. त्याची आली, त्याहून जास्त माझी. बाळाला पाजता पाजता मी फोन आईंपुढे धरला.



चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं. "अगं, कोपऱ्यात चित्राची चौकट दिसतेय. तेवढी कापायला सांग त्याला, उगाच कुणी नावं ठेवायचं माझ्या लेकाला."