चौथी वही

चौऱ्याहत्तर साली कराडच्या प्रकाशकांनी नकार कळवला, तशी तानुबाई मास्तरीण वह्या परत न्यायला दहिवडीहून एसटीनं आली. बापाच्या मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं बालपण तिनं चार वह्यांत लिहिलं होतं. "लिवलंय झ्याक, बाई," प्रकाशक खालमानेनं म्हणाले, "पण औंदा कागदच मिळंना. मिळतो तो शाळेच्या गाइडांनाच पुरंना. तुमची चूक न्हाई." "मग वह्या द्या." "घरी हायत. बायकोला रोज वाचून दाखवतोय, ती सोडंना." आपली समजूत काढताहेत असं वाटून तानुबाई रागातच त्यांच्यामागं घरी गेली. "वह्यांची मालकीण आलीय," प्रकाशकांनी दारातूनच सांगितलं. बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "चौथी वही ऐकायची राहिलीया. आदी सांगा, गारपिटीत चुकलेली ती गाभण मेंढी घावली का?" तानुबाई तिथंच टेकली. "घावली, वैनी," ती डोळे पुसत म्हणाली, "दोन कोकरं घिऊन."