दोनदा टकटक

शिडी ओढण्याआधी खालच्याने तिच्यावर बोटाने दोनदा टकटक करायची, म्हणजे वरचा सावध होतो, हा ऑब्रे आणि एनॉक या विनोदी जोडीचा नियम होता. मूकपटात ती खूण प्रेक्षकांना ऐकू जायची नाही.

एका मूकपटाच्या चित्रीकरणात शिडीवरून पडून एनॉकचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हाही आपण टकटक केली होती, असं ऑब्रे शपथेवर सांगायचा. "तुझंच लक्ष नव्हतं, लेका!" एनॉक इतकी वर्षं स्वतःलाच बोल लावत आला. तो मूकपट पाहायचं निघालं की ऑब्रे म्हणायचा, "नको रे, तुला त्रास होईल."

आज ब्लॅकपूलच्या थिएटरात त्याच मूकपटाच्या दुपारच्या खेळाला एनॉकच त्याला हट्टाने घेऊन आला.

पडद्यावर ऑब्रेने शिडी धरली. टकटक केलीच नाही. सरळ ओढली.

"ऑब्रे, तू..." एनॉकने पडद्याकडे बोट दाखवलं.

"लोक बघ ना कसे हसतायत," शेजारून ऑब्रे म्हणाला.

पडद्यावरचा ऑब्रे वळला. थेट एनॉककडे बघत त्याने ओठांवर बोट ठेवलं. मूकपटाला साथ देणारा पियानो थांबला.

एनॉकच्या खुर्चीवर दोनदा टकटक झाली.

त्याने चमकून शेजारी पाहिलं. ऑब्रेचे दोन्ही हात मांडीवरच्या हॅटवर होते.

आणि जमिनीला ठोकून बसवलेली ती खुर्ची हळूच सरकली.