फाटकाजवळची तपासणी

एत्सिओने लेकीची पिशवी तिसऱ्यांदा रिकामी केली. टेबलावर फावडं, बर्फात खुपसून पाहायची घडीची काठी, थर्मास, जादा मोजे, चीजचा तुकडा. बर्फावर चालायचे पसरट जोडे खुर्चीवर. फावडं वर हवं, तळाशी नको, हे त्याने चौथ्यांदा बजावलं आणि ते होतं तिथेच, वर, परत ठेवलं.

सहा माणसांना घेऊन मिरेला तीन दिवस वरच्या खोऱ्यात निघाली होती, पहिल्यांदाच बापाशिवाय. चाळीस हिवाळे त्या वाटेने माणसं नेणाऱ्या एत्सिओला नोव्हेंबरात हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी चढ बंद केला होता. त्याने ते ऐकून घेतलं होतं. मानलंय, असं मात्र घरात कोणाला वाटत नव्हतं.

"अहो, सोडा आता तिला. खाली गाडीपाशी लोक खोळंबलेत," डेल्फिना नवऱ्याला म्हणाली.

"तपासणी न करता?"

ही तपासणी कधीच चुकली नव्हती. प्रत्येकाच्या छातीशी बांधलेलं यंत्र सारखं संदेश सोडतं. कोणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर त्या संदेशाच्याच मागावर बाकीच्यांनी खणायचं. एत्सिओ फाटकाशी उभा राहून हातातल्या दुसऱ्या यंत्रावर तो संदेश पकडायचा. माणूस लांब जाईल तसा अंतराचा आकडा वाढला, की त्याची तपासणी झाली.

मिरेला पिशवी पाठीवर टाकून फाटकाबाहेर पडली. पाच पावलं, दहा पावलं. आकडा एक मीटरवरच. ती बेकरीपर्यंत पोचली, तरी एकच मीटर.

"परत ये, तुझं बिघडलंय," त्याने हाक मारली. आवाजात आनंद होता, आणि तो लपवायचंही त्याला सुचलं नाही.

ती आली. तिचं यंत्र ठणठणीत होतं. मग तिने बापाकडे नीट पाहिलं. स्वेटर छातीपाशी जरा फुगला होता. तिने हात लावला. खाली त्याचं जुनं यंत्र, पट्टे आवळून बांधलेलं, चालू. हातातलं यंत्र इतका वेळ त्याचाच संदेश पकडत होतं.

"बाबा, हे कधी बांधलंत?"

"सकाळी. उठल्या उठल्या." त्याने स्वेटर खाली ओढला. "हात आपोआप गेला गं."

डेल्फिना आत निघून गेली. आपण नुसतं 'चला' म्हटलं, तर हा माणूस आहे तसा निघेल, हे मिरेलाला कळत होतं. तसं म्हणावंसं तिला फार वाटलं.

"बंद करा ते," ती म्हणाली.

बटण सापडायला त्याला वेळ लागला. ती पुन्हा निघाली, या वेळी भरभर, मागे न बघता. चार. अकरा. एकोणीस. बत्तीस.

"आता बरोबर चाललंय," एत्सिओ म्हणाला. ऐकायला फाटकाशी कोणी नव्हतं.