पाठ केलेला डायलॉग

दुपारचे चार वाजले की आई ती जुनी विनोदी मालिका लावणार म्हणजे लावणारच. त्यातला टकलू डॉक्टर रोज त्याच एका पेशंटला समोर बसवायचा, हातातलं सगळं बाजूला ठेवायचा आणि विचारायचा, "बोला, काय होतंय?"

पेशंट तोंड उघडायच्या आत इकडे सोफ्यावरून आई, "छातीत दुखतंय हो डॉक्टर!"

शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला धाकटा, एका कानात इअरफोन, हसून हसून त्याचं पोट दुखायचं. "अगं आई, डायलॉग काय पाठ केलायस! नटीच व्हायचंस की!"

"गप रे, चावट कुठला," म्हणत आईपण हसायची.

आणि एका सकाळी आई गेलीच. हार्ट अटॅक.

पंधरा दिवसांनी त्याला तिची इतकी आठवण आली, इतकी आठवण आली, की इअरफोन काढून तो मालिका बघत बसला. तिचा तो डायलॉग ऐकायचा होता ना त्याला! एक भाग झाला, दुसरा झाला, मग त्यानं अख्खी मालिका शोधून काढली.

पेशंटचा कधी दात दुखत होता, कधी उचकी थांबत नव्हती, कधी नुसतंच घरी करमत नव्हतं.

छातीत दुखतंय, असं तो एकाही भागात म्हणाला नाही.