हजेरीतली दुसरी ओळ

समजा, तुम्ही दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या माळावर राहता आणि सगळ्यात जवळचं घर तीस कोसांवर आहे. आयलिन तशीच राहायची. माझ्या ऑनलाइन वर्गात ती एकटीच. शुक्रवारपर्यंत दुसरं मूल आलं नाही, तर वर्ग बंद होणार होता.

त्या सकाळी मी वर्गाच्या संकेतस्थळावर आपोआप हजेरी घेणारं नवं प्लगइन बसवलं. पडद्यावर आकडा आला: उपस्थित विद्यार्थी दोन.

ते काढून मी पुन्हा बसवलं. तरी दोनच.

"आयलिन, तुझ्याशेजारी कोण आहे गं?"

"कुणी नाही, बाई. आई बाहेर मेंढ्यांची लोकर कातरतेय. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय, तुमच्यासारखा."

मी हसले. "बरं, आता दोन्ही हात वर कर. कशाला हात लावू नकोस."

तिने हात वर केले. नाव नसलेल्या दुसऱ्या ओळीत 'हजर' उमटलं. नोंद तिच्याच घरातून आली होती.

आयलिनने तिच्या पडद्यावर ते वाचलं. मग हळूच विचारलं, "बाई, दोघं असलो तर वर्ग चालू राहील ना?"



ती बाकावर थोडी सरकली आणि शेजारच्या रिकाम्या जागेपुढे तिने आपली वही उघडून ठेवली.