शेवटचे दोन तास

शाळेच्या समुपदेशक पावलिकबाईंनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि बाप-लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"ही सही तुमचीच ना?"

ऑरिननं पाहिलं. मॅरिटनं बारावीसाठी निवडलेल्या विषयांचा फॉर्म होता. "माझीच," तो म्हणाला. कुणाच्या तरी घरातली, घर ऊबदार ठेवणारी बंद पडलेली भट्टी दुरुस्त करून तो थेट शाळेत आला होता. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं होतं.

"वाचून केलीत?"

त्याची बायको रेना हॉस्पिटलात होती त्या चार महिन्यांत त्याला सवयच लागली होती. कुणी कागद पुढे केला की "कुठे?" एवढंच विचारायचं आणि सही करायची. रेना गेली, सवय राहिली.

"सही झालेला फॉर्म मी त्याच दिवशी ऑफिसात द्यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलाय. बदलायचा आज शेवटचा दिवस. यात कॅल्क्युलस नाही, फिजिक्स नाही. शेवटचे दोन तास रिकामे, साडेबाराला घरी. आणि ही मुलगी वर्गात पहिल्या तिघांत आहे."

"पास व्हायला पुरतात एवढे विषय," मॅरिट म्हणाली.

"पास व्हायला पुरतात. तुझ्या त्या कॉलेजला नाही पुरायचे. शंभरातले सात घेतात ते. माझ्याकडून वेगळा कागद मागवतात. त्यात विचारलेलं असतं, शाळेत होते त्यातले सगळ्यात अवघड विषय हिनं घेतले का? तिथं मी खोटी खूण करणार नाही, बाळा."

"नका करू. मी इथल्याच कॉलेजात जाईन."

ऑरिननं लेकीकडे पाहिलं. नववीपासून त्या कॉलेजचं पत्रक तिच्या पलंगाच्या वर भिंतीला चिकटवलेलं होतं.

"साडेबाराला घरी येऊन काय करणार आहेस?"

"झोपणार."

"मॅरिट."

"झोपणार म्हटलं ना!" मग तिचा आवाज खाली आला. "तू सहाला येतोस. कोटसुद्धा न काढता सिंकपाशी उभा राहून कॉर्नफ्लेक्स खातोस. परवा दूध नव्हतं, तर पाणी घालून खाल्लेस. मी जिन्यातून पाहिलं."

पावलिकबाई खिडकीतून गोठलेल्या तळ्याकडे पाहू लागल्या.

"एकदाच घातलं पाणी," ऑरिन म्हणाला.

"दोनदा."

त्यानं टॉवेल सोडला आणि भांडं टेबलावर ठेवलं.

"बाई, हे तुमचं. सप्टेंबरपासून राहिलंय."

रेना गेली त्या आठवड्यात ओळखीच्या प्रत्येक घरातून जेवण भरलेलं असं भांडं आलं होतं, तळाला नावाची चिकटपट्टी लावलेलं. बाकीची मॅरिटनं धुऊन परत केली. हे एक मागे राहिलं.

"तुम्ही सगळ्यांनी आणून दिलंत म्हणून त्या दिवसांत आम्ही जेवलो," ऑरिन म्हणाला. "तेव्हा बोलायला सुचलं नाही. आता रिकामं कसं आणायचं, म्हणून..."

त्यानं झाकण काढलं. खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे ओळीनं मांडलेले. एक कड काळी पडली होती.

मॅरिट बघतच राहिली. "हे कुणी केलं?"

"मी. तुझ्या आईचं रेसिपीचं कार्ड सापडलं. पहिलं केलं ते कुत्र्यानंही नाही खाल्लं. हे तिसरं."

बाईंच्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकचे चमचे होते. त्यांनी एक मॅरिटला दिला. तिनं घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"बाबा, मीठ?"

"कार्डावर नव्हतं."

"आई मीठ कधी लिहायचीच नाही. अंदाजानं घालायची." मॅरिट हसली. मग तिनं मनगटानं डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.

"कॅल्क्युलस काही मला शिकवता यायचं नाही," ऑरिन म्हणाला. "मिठाचं मी शिकून घेईन. तू कॉलेजला जाईपर्यंत वर्ष-दीड वर्ष आहे. खाऊन सांगत जा."

बाईंनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. मॅरिटनं भराभर विषय लिहिले. शेवटच्या दोन तासांपाशी पेन थोडं थांबलं. मग तिनं तिथंही लिहिलं आणि कागद बापाकडे वळवला.

"सही इथं, खाली."

ऑरिननं खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय असतं?"

तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. तिसरीला त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. घंटा झाली. बाहेर मुलांचे पाय वाजू लागले.

"बाबा, माझा तास आहे."

"थांब. अजून दोन ओळी आहेत."

पावलिकबाईंनी उशिरा येणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. मॅरिटचं नाव लिहिलं, सही केली. वेळेची जागा कोरी ठेवली.